पिकअप ट्रकमध्ये पी०४२० कोड: दोष ऑक्सिजन सेन्सरचा की कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा, हे कसे ठरवावे

आपल्या प्रश्नातील माहिती थोडक्यात अशी आहे. ट्रक पेट्रोलवर चालणारा, आठ सिलिंडरांचा पिकअप आहे. चेक इंजिनचा दिवा लागल्यावर स्कॅनरने पी०४२० हा कोड दाखवला. बँक १ वरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधील घातक वायूंचे कमी घातक वायूंत रूपांतर करणारा भाग, पुरेसे काम करत नाही असा त्याचा अर्थ. म्हणून आपण बँक १ वरचे, म्हणजे सिलिंडरांच्या दोन रांगांपैकी एकीवरचे, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर नवे बसवले, तरी काही दिवसांत तोच कोड परत आला. दरम्यान भार घेऊन चढ चढताना गाडीची ओढ कमी झाली आहे आणि ॲव्हरेजही घटले आहे. आता कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलून घ्यावा काय, असे आपण विचारले आहे.

कन्व्हर्टर अजून विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तो खराब झालेला असण्याची शक्यता बरीच आहे, परंतु तो खराब का झाला हे शोधल्याशिवाय नवा बसवला तर तोही त्याच कारणाने निकामी होईल. शिवाय आपल्या वर्णनात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. पी०४२० हा कोड एकटा असेल तर सहसा गाडीच्या ओढीत काहीही फरक जाणवत नाही, आणि ओढ कमी होणे हे त्या कोडाचे लक्षण नाही. या दोन तक्रारींचे मूळ एक असू शकते किंवा वेगवेगळे असू शकते, आणि तेच तपासणीतून ठरवायचे आहे.

प्रथम हा कोड कोणत्या मापनावरून निघतो ते पाहू. नेहमीच्या झिर्कोनिया ऑक्सिजन सेन्सरच्या एका बाजूला एक्झॉस्टमधील वायू आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते. दोन्हीकडील ऑक्सिजनच्या प्रमाणातल्या फरकामुळे तो स्वतःच अल्प व्होल्टेज निर्माण करतो. मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर हे व्होल्टेज ०.८ ते ०.९ व्होल्टपर्यंत जाते आणि हवा जास्त असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास उतरते. वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या प्रमाणाजवळ, म्हणजे साधारण ०.४५ व्होल्टपाशी, ते एकदम उडी घेते. सेन्सरचा तप्त भाग साधारण ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला पोहोचल्याशिवाय हे वाचन विश्वासार्ह नसते, आणि तिथपर्यंत लवकर पोहोचण्यासाठीच सेन्सरच्या आत हीटर दिलेला असतो.

कन्व्हर्टरच्या पुढचा, म्हणजे इंजिनाकडचा सेन्सर इंजिनाच्या संगणकाला मिश्रणाची माहिती देतो. त्यावरून संगणक पेट्रोल सतत किंचित वाढवतो व कमी करतो, त्यामुळे या सेन्सरचे व्होल्टेज सारखे वर-खाली होत राहते. कन्व्हर्टरच्या आत सिरॅमिकच्या बारीक जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा थर असतो आणि त्यासोबत सिरियम ऑक्साइड असते. हवा जास्त असताना हे सिरियम ऑक्साइड ऑक्सिजन साठवते आणि पेट्रोल जास्त असताना तो सोडते. त्यामुळे कन्व्हर्टर चांगला असेल तर त्याच्या मागच्या सेन्सरला ती वर-खाली होणारी चाल दिसत नाही आणि त्याचे व्होल्टेज बहुधा ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर राहते. साठवण्याची क्षमता घटली की मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागतो, आणि संगणक पी०४२० नोंदवतो. म्हणजे संगणकाने कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे प्रदूषण मोजलेले नसते. त्याने मागच्या सेन्सरच्या चालीवरून ऑक्सिजन साठवण्याच्या क्षमतेचा अंदाज केलेला असतो. त्या चालीत ज्या ज्या गोष्टी ढवळाढवळ करू शकतात, त्या सर्वांमुळे हा कोड येऊ शकतो.

यावरून आणखी एक बाब लक्षात यावी. मागचा सेन्सर मिश्रणात फार तर बारीकशी दुरुस्ती करतो, मुख्य जबाबदारी पुढच्या सेन्सरची असते. म्हणून मागचा सेन्सर बदलल्याने ॲव्हरेज सुधारेल अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही. तसेच मरू घातलेला, मंद झालेला मागचा सेन्सर उलट कन्व्हर्टरला चांगला भासवतो, कारण त्याची चाल आपोआपच सपाट होते. पी०४२० आला म्हणून मागचा सेन्सर बदलण्याची जी सर्रास पद्धत आहे, तिला म्हणूनच फारसा आधार नाही.

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. कोड पुसण्याची घाई करू नये. कोड नोंदवला गेला त्या क्षणीची स्थिती संगणक साठवून ठेवतो. इंजिनाचे तापमान, वेग, भार, मिनिटाला होणारे फेरे आणि फ्यूएल ट्रिम, म्हणजे संगणकाने पेट्रोलमध्ये केलेली वाढ किंवा घट, यांचे त्यावेळचे आकडे त्यात असतात. कोड पुसला की ती नोंदही जाते. ती आधी लिहून घ्यावी. त्याचबरोबर दुसरे कोणते कोड आहेत, तेही प्रलंबित कोडांसह, म्हणजे एकदा आढळलेल्या पण अजून पक्क्या न झालेल्या कोडांसह, पाहावे. पी०३०० ते पी०३०८ या कोडांपैकी एखादा, म्हणजे मिसफायरचा (सिलिंडरमधील मिश्रण नीट न पेटण्याचा) कोड असेल, पी०१७१ किंवा पी०१७४ हे हवा जास्त असल्याचे कोड असतील, अथवा पी०१७२ किंवा पी०१७५ हे पेट्रोल जास्त असल्याचे कोड असतील, तर पी०४२० बाजूला ठेवून आधी त्यांचा निकाल लावावा. कन्व्हर्टरची चाचणी संगणक इंजिन नीट चालत असल्याचे गृहीत धरून करतो, आणि ते गृहीतच चुकलेले असेल तर निष्कर्षाला अर्थ उरत नाही.

बँक १ कोणती, याची खात्री करून घ्यावी. ज्या बाजूला एक क्रमांकाचा सिलिंडर असतो ती बँक १. ती चालकाच्या डाव्या हाताला की उजव्या, हे प्रत्येक इंजिनात वेगळे असते आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवावे लागते. चुकीच्या बाजूचे सेन्सर बदलले गेल्याची उदाहरणे कार्यशाळांत नेहमी दिसतात, तेव्हा आपल्या बाबतीतही ते एकदा पडताळावे. सेन्सर १ म्हणजे कन्व्हर्टरच्या पुढचा आणि सेन्सर २ म्हणजे मागचा, हे मात्र सर्वत्र सारखे आहे.

यानंतर एक्झॉस्टमधील गळती शोधावी. हा टप्पा अनेकजण गाळतात, आणि ट्रकच्या बाबतीत तर तो सर्वांत महत्त्वाचा आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे सिलिंडरांतून निघणारा वायू एकत्र करणाऱ्या नळ्यांचा, बोल्ट तुटलेला असेल, गॅस्केट जळलेले असेल किंवा पाइपाच्या वेल्डला तडा गेलेला असेल तर वायू बाहेर तर पडतोच, पण दोन स्फोटांच्या मधल्या दाब कमी असलेल्या क्षणी बाहेरची हवा आतही ओढली जाते. पुढच्या सेन्सरच्या अलीकडे अशी गळती असेल तर त्या सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो, संगणक मिश्रणात हवा जास्त आहे असे समजून पेट्रोल वाढवतो, आणि ते जादा पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला तापवते. कन्व्हर्टर आणि मागचा सेन्सर यांच्यामध्ये गळती असेल तर मागच्या सेन्सरची चाल अस्थिर होते आणि चांगला कन्व्हर्टरही खराब ठरतो. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करावे आणि मॅनिफोल्डजवळ कान द्यावा. टकटक असा बारीक आवाज येत असेल आणि धातू तापून प्रसरण पावल्यावर तो थांबत असेल, तर तिथेच गळती असते. सांध्यांभोवती काजळीचे काळे पट्टे दिसतात तेही पाहावेत. धूर सोडणारे यंत्र उपलब्ध असेल तर इंजिन बंद ठेवून एक्झॉस्टमध्ये धूर भरणे ही सर्वांत खात्रीची पद्धत आहे. गळती सापडली तर ती दुरुस्त करून, कोड पुसून, पुन्हा गाडी चालवून पाहिल्याशिवाय पुढचा एक रुपयाही खर्च करू नये.

मग स्कॅनरवर फ्यूएल ट्रिमचे आकडे पाहावेत. संगणक ठरलेल्या पेट्रोलपेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी देत आहे, ते हे आकडे सांगतात. धन आकडा म्हणजे पेट्रोल वाढवले आहे, ऋण आकडा म्हणजे कमी केले आहे. अल्पकालीन आणि दीर्घकालीन अशा दोन्ही ट्रिमची बेरीज दहा टक्क्यांच्या आत, धन किंवा ऋण, असेल तर सामान्यतः चिंतेचे कारण नसते. इंजिन मोकळे फिरत असताना आकडा मोठा धन असेल आणि २५०० फेऱ्यांवर तो सामान्य होत असेल, तर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या मार्गात, व्हॅक्यूमची गळती असण्याचा संभव जास्त आहे, कारण फेरे वाढल्यावर एकूण हवेच्या तुलनेत ती चोरवाटेची हवा नगण्य होते. याउलट मोकळे फिरताना सर्व ठीक आणि भाराखाली आकडा धन बाजूला चढत जात असेल, तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो आहे किंवा हवेचे माप घेणारा एमएएफ सेन्सर मळला आहे असे समजावे.

आपल्या इंजिनाला दोन बँका आहेत, ही तपासणीच्या दृष्टीने मोठी सोय आहे, कारण दुसरी बँक हाच आपला तुलनेचा नमुना ठरतो. दोन्ही बँकांच्या ट्रिमचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. हवेचे माप एमएएफ सेन्सरने घेणाऱ्या आणि प्रत्येक बँकेला स्वतंत्र कन्व्हर्टर असलेल्या इंजिनात एका बाजूचा कन्व्हर्टर तुंबला तर फार बोलकी लक्षणे दिसतात. तुंबलेल्या बाजूचे सिलिंडर पूर्ण रिकामे होत नाहीत, म्हणून त्यांत हवा कमी शिरते. संगणक मात्र एकूण हवा आठही सिलिंडरांत सारखी वाटली गेली असे धरून पेट्रोल देतो. परिणामी तुंबलेल्या बाजूला पेट्रोल जास्त होते आणि तिथला ट्रिम ऋण होतो, तर दुसऱ्या बाजूला हवा जास्त जाते आणि तिथला ट्रिम धन होतो. भार वाढवला की हे अंतर वाढत जाते. बँक १ चा ट्रिम ऋण आणि बँक २ चा धन असे चित्र आपल्याला चढावर दिसले, तर तुंबलेल्या कन्व्हर्टरचा संशय फार बळकट होतो. ते चित्र दोन्ही बाजूंनी सारखेच धन किंवा ऋण असेल तर कारण दोन्ही बँकांना सामाईक आहे, म्हणजे पेट्रोलचा दाब, एमएएफ सेन्सर किंवा टाकीतील वाफ इंजिनात सोडणारा झडपेचा मार्ग, असे समजून शोध घ्यावा.

पुढच्या सेन्सरची परीक्षा त्यानंतर. आपण तो नवा बसवला असला तरी ती करावी, कारण नवा भाग म्हणजे चांगला भाग असे नेहमीच नसते. इंजिन पूर्ण तापवून २००० ते २५०० फेऱ्यांवर काही मिनिटे चालवावे आणि व्होल्टेजची आलेखरेषा पाहावी. ती ०.२ च्या खाली आणि ०.८ च्या वर नियमित जात असावी. मग इनटेकमध्ये थोडा प्रोपेन सोडावा. व्होल्टेज ताबडतोब ०.८ च्या पुढे जायला हवे. त्यानंतर एखादी व्हॅक्यूमची नळी क्षणभर काढावी. व्होल्टेज तितक्याच झपाट्याने खाली यायला हवे. चांगला सेन्सर हे अंतर साधारण १०० मिलिसेकंदांच्या आत पार करतो, पण ते मोजण्यासाठी ऑसिलोस्कोप लागतो, कारण साध्या स्कॅनरचा माहिती पुढे पाठवण्याचा वेगच त्यापेक्षा कमी असू शकतो. आपल्या ट्रकमध्ये पुढे वाइडबँड प्रकारचा सेन्सर असेल तर मात्र ही व्होल्टेजची मोजपट्टी लागू पडत नाही. तो विद्युतप्रवाहावर चालतो, त्याचे वाचन स्कॅनरवर लॅम्ब्डाच्या (प्रत्यक्ष मिश्रणातील हवा-पेट्रोलचे प्रमाण भागिले वर सांगितलेले १४.७ चे प्रमाण) रूपात पाहावे, आणि लॅम्ब्डा १ च्या जवळ स्थिर असणे हे तिथे चांगले लक्षण आहे. जुन्या सवयीने वाइडबँड सेन्सर वर-खाली होत नाही म्हणून तो फेकून दिला जातो, ते टाळावे.

येथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. सेन्सर ऑक्सिजन मोजतो, पेट्रोल मोजत नाही. एखाद्या सिलिंडरमध्ये मिसफायर होत असेल तर तिथले पेट्रोल जळत नाही आणि ऑक्सिजनही वापरला जात नाही, तो तसाच सेन्सरपर्यंत येतो. सेन्सर हवा जास्त असल्याचे सांगतो, संगणक पेट्रोल आणखी वाढवतो, आणि प्रत्यक्षात एक्झॉस्टमध्ये न जळलेल्या पेट्रोलचा पूर येतो. येथे सेन्सर अगदी खरे सांगत असतो, पण त्याच्या सांगण्याचा लावलेला अर्थ चुकतो. म्हणून सेन्सरला दोष देण्यापूर्वी स्पार्क प्लग, कॉइल आणि इंजेक्टर तपासावेत.

हीटरचे कोड वेगळे असतात. पी०१३५ आणि पी०१५५ हे पुढच्या सेन्सरांच्या हीटरचे, तर पी०१४१ आणि पी०१६१ हे मागच्यांच्या हीटरचे. यांपैकी एकच आला असेल तर सेन्सरचा कनेक्टर सोडून हीटरच्या दोन तारांमधील रोध मोजावा. बऱ्याच चार तारांच्या सेन्सरांत तो थंड असताना साधारण ३ ते १५ ओहम भरतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, आणि रोध अनंत दिसला तर हीटर तुटलेला आहे. पण चारही हीटरचे कोड एकदम आले तर चार सेन्सर एकाच दिवशी बिघडले असे मानणे अविचाराचे आहे. तिथे सामाईक फ्यूज किंवा रिले पाहावा, आणि फ्यूज जळलेला असेल तर तो का जळला हे पाहावे. ट्रकच्या चॅसीजवळून जाणारी तार घासून सोलवटणे आणि गरम पाइपाला टेकून वितळणे, ही याची नेहमीची कारणे आहेत. रोध मोजायचा तो फक्त हीटरचा. संवेदक भागाच्या तारांना ओहममीटर लावू नये, त्याने सेन्सर खराब होऊ शकतो.

इतके सर्व नीट निघाले तरच मागच्या सेन्सरच्या चालीवरून कन्व्हर्टरचा न्याय करावा. पक्क्या रस्त्यावर एकसमान वेगाने, इंजिन आणि कन्व्हर्टर पूर्ण तापलेले असताना, पुढच्या व मागच्या सेन्सरांच्या रेषा एकाच पडद्यावर घ्याव्यात, आणि त्याच वेळी बँक २ च्याही घ्याव्यात. बँक २ ची मागची रेषा शांत असेल आणि बँक १ ची मागची रेषा पुढच्या रेषेच्या पावलावर पाऊल टाकत असेल, तर दोष उघड आहे. शंका उरली तर दोन्ही बँकांचे मागचे सेन्सर आपापसांत बदलून पाहावेत, मात्र त्यांचा भाग क्रमांक आणि तारेची लांबी सारखी असली पाहिजे. चाल सेन्सरबरोबर दुसऱ्या बाजूला गेली तर सेन्सर दोषी, आणि जागेवरच राहिली तर कन्व्हर्टर, त्याच्या आसपासची गळती किंवा वायरिंग दोषी. या अदलाबदलीला नवीन भागाचा काहीही खर्च येत नाही.

माझ्या मते यापेक्षाही खात्रीची एक चाचणी आहे. प्रोपेन सोडून मिश्रणात पेट्रोलसारखे इंधन वाढवावे आणि पुढचा व मागचा दोन्ही सेन्सर ०.८ व्होल्टच्या वर स्थिर होईपर्यंत थांबावे. मग प्रोपेन बंद करून लगेच व्हॅक्यूमची नळी उघडावी. पुढचा सेन्सर क्षणात खाली पडेल. मागचा सेन्सर किती उशिराने पडतो, ते पाहावे. रिकामा झालेला सिरियम ऑक्साइडचा साठा भरेपर्यंत येणारा ऑक्सिजन कन्व्हर्टरच शोषून घेतो, म्हणून चांगल्या कन्व्हर्टरमध्ये हा उशीर स्पष्ट दिसतो. निकामी कन्व्हर्टरमध्ये दोन्ही सेन्सर जवळजवळ एकाच वेळी पडतात. संगणकाने ज्या गुणाचा अंदाज केला, तोच गुण आपण येथे प्रत्यक्ष पाहतो, आणि दोन बँकांवर ही चाचणी एकापाठोपाठ केली की कोणतीही मोजपट्टी नसतानाही फरक कळतो. प्रोपेन ज्वलनशील आहे, म्हणून ही चाचणी मोकळ्या हवेत, ठिणगी व उघड्या ज्योतीपासून दूर, आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच करावी.

कन्व्हर्टरच्या पुढचे आणि मागचे तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजून मागची बाजू जास्त गरम असेल तर कन्व्हर्टर चांगला, असा एक नियम प्रचारात आहे. मी त्यावर निर्णय घेत नाही. नीट चालणाऱ्या आधुनिक इंजिनातून कन्व्हर्टरमध्ये जाळण्यासारखे फारच थोडे येते, त्यामुळे चांगल्या कन्व्हर्टरमध्येही फरक किरकोळ असतो. उलट मागची बाजू अवाजवी तापलेली आढळली, तर न जळलेले पेट्रोल आत येत आहे एवढे मात्र कळते.

आता ओढीची तक्रार. कन्व्हर्टर दोन प्रकारे निकामी होतो. एक म्हणजे त्यावरील धातूंचा थर विषारी पदार्थांनी झाकला जातो किंवा अति उष्णतेने निष्प्रभ होतो. वायू मोकळेपणाने जातो, पण रासायनिक क्रिया घडत नाही. दुसरा म्हणजे आतली जाळी वितळते किंवा तुटते आणि वायूचा मार्गच अडतो. पहिल्या प्रकारात कोड येतो आणि गाडी उत्तम चालते. दुसऱ्या प्रकारात गाडी मोकळी फिरताना ठीक वाटते, पण भार पडला की जणू कोणी मागून धरून ठेवल्यासारखी चालते. आपल्या वर्णनात दोन्हींच्या खुणा आहेत, म्हणून दाबाची चाचणी आवश्यक आहे.

ती अशी करावी. इंजिन कोमट असताना पुढचा सेन्सर काढावा आणि त्या छिद्रात जुळणाऱ्या अडॅप्टरने कमी क्षमतेचा दाबमापक बसवावा. बहुतेक सेन्सरांचे आटे १८ मिलिमीटर व्यासाचे असतात. इंजिन सुरू करून पाहावे. मोकळे फिरताना दाब दीड पीएसआयच्या, म्हणजे सुमारे १० किलोपास्कलच्या आत असावा, आणि २५०० फेऱ्यांवर तो तीन पीएसआयच्या, म्हणजे सुमारे २० किलोपास्कलच्या आत असावा. त्यापुढे गेला तर मार्ग अडलेला आहे. हीच चाचणी बँक २ वर करून आकडे ताडून पाहावेत. दोन्ही बाजूंना दाब जास्त आला तर अडथळा दोन पाइप एकत्र आल्यानंतरच्या भागात, उदाहरणार्थ सायलेन्सरमध्ये, असू शकतो. दाबमापक नसेल तर इनटेकवर व्हॅक्यूम गेज लावावा. निरोगी इंजिन मोकळे फिरताना समुद्रसपाटीजवळ १७ ते २१ इंच पाऱ्याइतका व्हॅक्यूम दाखवते. २५०० फेरे स्थिर धरले असता काटा हळूहळू खाली सरकत गेला तर एक्झॉस्ट तुंबला आहे. एक्झॉस्ट पूर्ण थंड असताना कन्व्हर्टरवर रबरी हातोडीने हलके ठोकावे. आतून खुळखुळ असा आवाज आला तर जाळी फुटलेली आहे आणि तिचे तुकडे फिरून मार्ग कधी अडवतात, कधी मोकळा करतात. अशा वेळी दाबाची चाचणी एखादे वेळी चांगलीही निघते, म्हणून एका वाचनावर थांबू नये.

ओढीसाठी कन्व्हर्टरला जबाबदार धरण्यापूर्वी स्कॅनरवर आणखी एक गोष्ट पाहता येते. थ्रॉटल पूर्ण उघडून वेग घेताना एमएएफ सेन्सरचे वाचन अपेक्षेपेक्षा बरेच कमी असेल आणि तरीही फ्यूएल ट्रिम सामान्य असतील, तर इंजिन खरोखरच कमी हवा घेत आहे आणि ती बरोबर मोजली जात आहे. अडथळ्याचे हे लक्षण आहे, मग तो एक्झॉस्टमध्ये असो वा एअर फिल्टरमध्ये. ट्रिम मोठे धन असतील तर मात्र मापन चुकते आहे किंवा पेट्रोल कमी पडत आहे.

समजा, कन्व्हर्टर गेलाच आहे असे सिद्ध झाले. आता खरा प्रश्न सुरू होतो: तो कशाने गेला? कन्व्हर्टरमध्ये हलणारा, झिजणारा असा एकही भाग नसतो. इंजिन नीट चालत असेल तर तो फार दीर्घकाळ टिकतो, म्हणून अकाली गेलेल्या कन्व्हर्टरमागे जवळजवळ नेहमी इंजिनाचा एखादा दोष असतो. मिसफायर हा सर्वांत क्रूर. न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्येच जळते, तापमान १००० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि थर निष्प्रभ होऊन पुढे जाळीही वितळू लागते. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकत असेल तर त्याचा अर्थ हाच आहे की या क्षणी कन्व्हर्टरची हानी होत आहे. भार ताबडतोब कमी करावा आणि शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. ओझे ओढताना लुकलुकणारा दिवा दुर्लक्षित करून घाट पार केलेल्या ट्रकचा कन्व्हर्टर वाचण्याची आशा फार थोडी असते.

ऑइल जाळणारे इंजिन अधिक सावकाश, पण तितकेच निश्चितपणे नुकसान करते. इंजिन ऑइलमधील झिंक आणि फॉस्फरस यांची राख कन्व्हर्टरच्या पुढच्या तोंडावर बसते. दोन सर्व्हिसच्या दरम्यान ऑइल किती भरावे लागते याचा हिशेब ठेवला आहे काय, हे आपण कळवलेले नाही, तो ठेवावा. कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटची तपासणी करावी, कारण कूलंटमधील सिलिकेट सेन्सर आणि कन्व्हर्टर या दोहोंना झाकून टाकतात. इंजिनाच्या कामात साधे सिलिकॉन सीलंट वापरले गेले असेल तर त्याच्या वाफेनेही सेन्सर निकामी होतो. सेन्सरसाठी सुरक्षित असे लिहिलेलेच सीलंट वापरावे. काढलेल्या जुन्या सेन्सरचे टोक टाकून देऊ नये, ते नीट पाहावे. कोरडी काळी काजळी पेट्रोल जास्त असल्याचे सांगते आणि पांढरा थर सिलिकॉन किंवा कूलंटकडे बोट दाखवतो. आपले जुने सेन्सर अजून जवळ असतील तर त्यांच्यावरूनच बरेच काही कळेल.

सडक्या अंड्यासारखा वास येत असेल तर त्यावरून कन्व्हर्टर मेला असा निष्कर्ष काढू नये. पेट्रोलमधील गंधकापासून हायड्रोजन सल्फाइड तयार झाल्याचा तो वास आहे, आणि बहुधा तो मिश्रणात पेट्रोल जास्त असल्याची सूचना असतो.

नवा सेन्सर बसवताना होणारे नुकसानही कमी नाही. बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारांच्या आतल्या पोकळीतून मिळते, म्हणून त्या तारा डाग देऊन जोडू नयेत आणि कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा सफाईचा फवारा भरू नये. आट्यांना लावायचे वंगण टोकाला लागू देऊ नये. नव्या सेन्सरला ते बहुधा आधीच लावलेले असते. जमिनीवर पडलेला सेन्सर बसवू नये, आतले सिरॅमिक तडकलेले असू शकते.

काही वेळा वाहन उत्पादक पी०४२० ची मर्यादा फारच कडक असल्याचे मान्य करून संगणकाची सुधारित आज्ञावली काढतात. आपल्या मॉडेलसाठी असे सर्व्हिस बुलेटिन निघाले आहे काय, हे कन्व्हर्टर घेण्यापूर्वी अवश्य विचारावे. मागच्या सेन्सरखाली लांब नळी बसवून त्याला वायूच्या प्रवाहापासून दूर नेण्याची आणि कोड दडवण्याची युक्ती मात्र कोणी सुचवली तर ती स्वीकारू नये. कन्व्हर्टर काढून टाकणे किंवा त्याची देखरेख निष्प्रभ करणे बऱ्याच देशांत बेकायदेशीर आहे, त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यामुळे कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे लोकांच्या श्वासात जातात, आणि इंजिनाच्या पुढच्या बिघाडाची सूचनाही आपल्याला मिळेनाशी होते. नवा कन्व्हर्टर निवडतानाही किंमत हा एकच निकष धरू नये. स्वस्त पर्यायी कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातूंचे प्रमाण पुष्कळदा कमी असते आणि गाडी नीट असूनही काही महिन्यांत तोच कोड परत येतो.

वरील सर्व विवेचन पेट्रोल इंजिनाचे आहे. डिझेल ट्रकमध्ये मिश्रणात हवा सदैव जास्त असते, तिथले ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट, काजळीचा फिल्टर आणि नायट्रोजन ऑक्साइडचे सेन्सर यांची तपासणी वेगळ्या तत्त्वांवर चालते, आणि हे आकडे तिथे लावू नयेत.

दुरुस्तीनंतर कोड पुसला की संगणकाच्या सर्व स्वयंचाचण्या अपूर्ण स्थितीत जातात. दिवा विझला म्हणजे काम झाले असे तेव्हा समजू नये. थंड इंजिन सुरू करून, पूर्ण तापेपर्यंत आणि नंतर काही काळ एकसमान वेगाने गाडी चालवावी, आणि कन्व्हर्टरची चाचणी पूर्ण झाल्याचे स्कॅनरवर दिसेपर्यंत हे पुन्हा करावे. पी०४२० बहुतेक गाड्यांत एका अपयशी चाचणीवर दिवा लावत नाही, दुसऱ्या फेरीतही तेच आढळावे लागते, म्हणून किमान दोन पूर्ण फेऱ्या होऊ द्याव्यात. आपला स्कॅनर मोड ६ दाखवत असेल तर तिथे कन्व्हर्टरच्या चाचणीचा प्रत्यक्ष आकडा आणि त्याची मर्यादा दोन्ही दिसतात. दोन्ही बँकांचे ते आकडे लिहून ठेवावेत आणि महिन्याभराने पुन्हा ताडून पाहावेत. बँक १ चा आकडा मर्यादेकडे सरकू लागलेला दिसला, तर कन्व्हर्टरला हात न लावता त्या बाजूचे प्लग, कॉइल आणि इंजेक्टर आधी उघडावेत. तोवर भार घेऊन चढावर जाण्याचे शक्य तितके टाळावे, आणि फ्यूएल ट्रिमचे आकडे व दाबाचे वाचन मिळाल्यावर ते दोन्ही बँकांसह कळवावेत, म्हणजे पुढचा निर्णय नेमका सांगता येईल.